समासातलं नाव

आबाजींची भजनाची वही माझ्याकडे आली तेव्हा तिची शिवण उसवली होती आणि कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. वही मुळात हिशेबाची. सुलटी उघडली की संत्र्याच्या बागेचा हिशेब: नागपूरला किती माल गेला, मजुरी किती झाली, उधारी कोणाकडे राहिली. उलटी धरून मागून उघडली की अभंग. हिशेबाच्या वहीत उजव्या हाताला रकमेचा रकाना असतो, वही उलटी धरल्यावर तो डाव्या हाताला येतो. अभंगांच्या पानांवर त्या रकान्यात आबाजींनी माणसं लिहून ठेवली आहेत. 'वरुडच्या दिंडीत उतरवला.' 'सावरगावच्या बुवांच्या वहीवरून.' 'छापील गाथ्याशी ताडला, दोन शब्द वेगळे.' चौथीपर्यंत शिकलेला हा शेतकरी. कोणी शिकवलं असेल त्यांना हे?

या प्रश्नापाशी मी फार उशिरा आलो. त्याआधी एक चूक झाली, ती सांगतो.

एम.ए.ला माझा लघुप्रबंध तुकोबांच्या अभंगांतल्या शेतीच्या भाषेवर होता. आमच्या घरात पेरणीच्या दिवसांत एक अभंग म्हटला जायचा, शेवटी 'तुका म्हणे' असलेला. तो मी आबाजींच्या वहीतून उतरवून घेतला आणि तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं केलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उघडून विचारलं, "हा अभंग कोणत्या गाथ्यात आहे? क्रमांक काय?" मी म्हणालो, "आमच्याकडे म्हणतात." "कोण म्हणतं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. पेन्सिलीनं त्या पानावर एक आडवी रेघ ओढली आणि पुढच्या प्रकरणावर गेले.

घरी येऊन रात्री वही काढली. त्या अभंगापुढं रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पांढुर्ण्याच्या बाजारात ऐकला. म्हणणाऱ्याचं नाव विचारायचं राहिलं.' अभंग मी उतरवून घेतला होता आणि ही ओळ गाळली होती.

तेव्हापासून या विषयानं मला सोडलेलं नाही. शिकवून निवृत्त झालो, आता एम.ए. मराठीला खाजगी बसणारी पोरं घरी येतात. नागपूर–इटारसी मार्गावर पांढुर्ण्याच्या पुढचं आमचं तिगाव, इथून चिचोंड्याकडे रेल्वेचा घाट चढतो. घाटावर हिंदीचा जोर, खाली मराठी. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि सौंसर-पांढुर्णा हा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला. इथली पोरं शाळेत हिंदी शिकतात, घरी आमची वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात आणि पेपर लिहितात पुस्तकी मराठीत. समीक्षेचा निबंध लिहायला बसली की मोबाईलवरून ओळी उचलतात. मी विचारतो, कुठून घेतलंस? मागं एक मुलगी म्हणाली, "सर, हे तं साऱ्यायलेच माहीत हाय, याले काय पुरावा लागते?"

तिला मी आधी 'म्हणे' या शब्दाकडं बघायला सांगितलं. मराठीत हा शब्द दोन तऱ्हांनी येतो. 'तिकडं गारपीट झाली म्हणे' यात बोलणारा हात झटकून मोकळा होतो, बातमी खोटी निघाली तरी त्याच्या अंगावर काही येत नाही. 'तुका म्हणे' यात नाव पुढं उभं असतं आणि बोलण्याचा भार ते नाव घेतं. क्रियापद एकच. आपल्या संतांनी जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली: नामा म्हणे, एका जनार्दनी. एकनाथांच्या मुद्रेत तर गुरूचंही नाव आहे, म्हणजे मी कोणाकडून घेतलं तेही सांगून झालं. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हतं. अभंग या तोंडून त्या तोंडी जाणार, म्हणून कवीनं आपलं नाव त्याच्या पोटातच शिवून टाकलं.

तरीही चोरी व्हायची. तुकोबांच्या काळातल्या सालोमालोची गोष्ट वारकऱ्यांत सर्वांना ठाऊक आहे. हा तुकोबांचे अभंग घ्यायचा, शेवटची मुद्रा काढायचा आणि आपलं नाव घालायचा. त्याच्याविषयीची तुकोबांची चीड गाथ्यात आहे. त्या अभंगांत मला मालकी हक्कापेक्षा वेगळीच वेदना दिसते. अनुभव नसलेल्या माणसाच्या तोंडी अनुभवाचे शब्द गेले की शब्दच पोकळ होतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. उलटी चोरीही झाली, आणि ती जास्त प्रमाणात: आपल्या ओळीला 'तुका म्हणे' जोडून ती चालवायची. माझ्या तिसऱ्या प्रकरणातला अभंग बहुधा त्यातलाच.

पण नाव घालण्याची रीत अभंगांपेक्षा जुनी आहे, आणि तिचं घर आमच्यापासून फार लांब नाही. पांढुर्ण्याहून वरुड, वरुडहून मोर्शी आणि तिथून पुढं रिद्धपूर. महानुभाव पंथाची काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू तिथले, महदाइसेनं लग्नाचे धवळे गायिले ते तिथंच, आणि मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, 'लीळाचरित्र', तिथंच सिद्ध झाला, साधारण १२७८ च्या सुमारास. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय. माझ्या मते ते अगदी योग्य जागी झालंय, कारण मराठीत संदर्भ देण्याचा पहिला मोठा उद्योग याच गावात झाला.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, रिद्धपुरात राहत. ते एकटेच बसून काहीतरी आठवत असत. म्हाइंभटांनी विचारलं तेव्हा कळलं की ते स्वामींच्या लीळांचं स्मरण करताहेत. म्हाइंभट म्हणाले, मग त्या आम्हालाही सांगा, लिहून ठेवू. तिथून काम सुरू झालं. म्हाइंभट मोठे विद्वान, सराळ्याचे. पण त्यांनी आपल्या विद्वत्तेतून एक लीळाही रचली नाही. जे भटोबासांनी पाहिलं ते भटोबासांकडून घेतलं, जे त्यांच्यासमोर घडलं नव्हतं त्यासाठी ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे ते गेले, गावोगाव हिंडले. आणलेलं भटोबासांपुढं ठेवून ताडून घेतलं. ग्रंथात पानोपानी कोण बोललं त्याचं नाव येतं: सर्वज्ञें (म्हणजे स्वामींनी) म्हणीतलें, बाइसीं म्हणीतलें. अवतरणचिन्हं नव्हती, पण कोणाचं बोलणं कुठं सुरू होतं याविषयी वाचकाच्या मनात शंका राहत नाही.

पुढं जे घडलं ते मी पोरांना दरवर्षी सांगतो, आणि सांगताना मला अजून भरून येतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खलजींच्या फौजा या मुलखात आल्या. त्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. ग्रंथ होता, आता नाही. पंथाच्या लोकांनी तो आठवणीतून पुन्हा उभा केला. हिराइसा नावाची एक बाई, परंपरा सांगते की ती एकपाठी होती, तिच्या आठवणीतून एक पाठ तयार झाला, तो आजही हिराइसेच्या नावानंच ओळखला जातो. इतरांचे इतर पाठ झाले. आता आठवणी म्हटल्या की त्या सगळीकडे जुळत नाहीत. एकीला ही गोष्ट या गावात घडल्याचं आठवतं, दुसऱ्याला त्या गावात. एकाच्या आठवणीत स्वामींनी एक शब्द वापरला, दुसऱ्याच्या आठवणीत दुसरा.

अशा वेळी काय करावं? एक पाठ खरा धरून बाकीचे पुसून टाकता आले असते, किंवा सगळे मिसळून एक गुळगुळीत गोष्ट करता आली असती. पोथ्या लिहिणाऱ्यांनी भेद तिथल्या तिथं नोंदवून ठेवले. या वेगळ्या आठवणीला त्यांचा शब्द आहे 'वासना'. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. लीळा वाचत जावं तर मध्येच एखादी वासना येते आणि दुसऱ्या माणसाचा आवाज कानी पडतो. ज्यांच्यासाठी हा ग्रंथ देवाचं चरित्र होता, त्यांनी देवाच्या शब्दांविषयीसुद्धा आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही ते लपवलं नाही. माझ्या लघुप्रबंधातल्या त्या पानासमोर हे ठेवलं की मला आजही मान खाली घालावीशी वाटते.

याच पंथातली आणखी एक गोष्ट समीक्षा लिहिणाऱ्यानं घोकून ठेवावी अशी. केसोबासांनी लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढून 'सूत्रपाठ' केला. वचन सुटं झालं की ते लक्षात राहायला सोपं, पण ते कोणाला, कुठं, कशावरून म्हटलं ते मागं राहतं. म्हणून पंथात 'प्रकरणवश' आला: या सूत्रामागची लीळा कोणती, प्रसंग कोणता, त्याची नोंद. आजच्या भाषेत सांगायचं तर अवतरणाचा संदर्भ.

त्याची गरज किती आहे हे आमच्या सीमेवर सहज दिसतं. स्वामींचं महाराष्ट्रात राहण्याविषयीचं सूत्र आहे. मराठीच्या कार्यक्रमांत ते मी कितीतरी वेळा ऐकलंय, महाराष्ट्राच्या अभिमानाचं वचन म्हणून. सूत्र आहे आचाराचं. भिक्षा मागून परमेश्वराचं स्मरण करणाऱ्यानं कुठल्या मुलखात राहावं, विषयांचा पसारा कुठं जास्त, असा त्याचा रोख आहे. मी महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस. सूत्र नुसतं ऐकलं तर मला वाटेल की स्वामींनी मला घराबाहेर ठेवलं. प्रकरण वाचलं की कळतं, विषयच वेगळा होता, आणि तेव्हाच्या त्या मुलखाच्या कडा आजच्या नकाशावर नव्हत्या. वाक्य तेच, एक अक्षर बदललेलं नाही, तरी सोबत नुसती अर्धी गोष्ट आली. पोरांना सांगतो, ओळ जशीच्या तशी उतरवली म्हणजे तुम्ही तिच्याशी प्रामाणिक राहिलात असं होत नाही. आधी काय चाललं होतं ते सांगा, मग ओळ द्या, आणि ओळ दिल्यावर पळून जाऊ नका. तिच्यातला कोणता शब्द तुमचं म्हणणं पेलतो ते दाखवा.

जुन्या पोथ्या हाताळल्या तर ही शिस्त डोळ्यांना दिसते. शब्द एकाला एक लागून, विरामचिन्ह म्हणजे फक्त दंड. पण 'उवाच'सारख्या, बोलणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या शब्दांवर गेरू फिरवलेला असतो, म्हणजे वाचणाऱ्याची नजर तिथं थांबावी. काही सुटलं तर ओळीत हंसपद करून सुटलेला मजकूर समासात लिहायचा. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ, तो पिवळा लेप, फासायचा. आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीवर हरताळ फासणं आलं ते तिथून. शेवटी पुष्पिका: शके, संवत्सर, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, आणि जसं पाहिलं तसं लिहिलं, मला दोष देऊ नका, अशी विनवणी. ही विनवणी मला फार महत्त्वाची वाटते. नकलकार सांगतो की यातलं काय माझं आहे आणि काय माझं नाही.

एकनाथांनी हेच केलं. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि शेवटी बजावलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. स्वतः इतके मोठे कवी, ओवीवर त्यांची हुकमत केवढी. तरी ज्ञानदेवांच्या ग्रंथात आपली ओवी मिसळणं त्यांना विटाळ वाटला.

छापखाना आल्यावर समासातली माणसं पानाच्या तळाशी गेली. तुकोबांच्या गाथ्याची पहिली मोठी चिकित्सक आवृत्ती मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात निघाली, १८६९ आणि १८७३ असे दोन भाग. सरकारनं त्यासाठी २४,००० रुपये दिले होते. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघा संपादकांनी देहू, कडूस, तळेगाव आणि पंढरपूर इथल्या वह्या मिळवल्या, ताडल्या, आणि जिथं शब्द वेगळा दिसला तिथं तळटीप दिली. पुढं १९१९-२० मध्ये वि. ल. भाव्यांनी संताजी जगनाड्यांच्या वहीवरून गाथा छापला, तो त्या वहीतल्या लेखनासकट. संताजी चाकणचे तेली, तुकोबांच्या सोबतचे. शब्द कसा उच्चारला जात होता, कसा लिहिला जात होता, ते भाव्यांनी सुधारून टाकलं नाही म्हणून आज आपल्याला दिसतं.

यातूनच विद्यार्थ्याच्या कामाची एक अडचण तयार झाली. गाथे अनेक, प्रत्येकाचे क्रमांक वेगळे. 'तुकाराम, अभंग अमुक' एवढं लिहिलं तर वाचणारा दुसराच अभंग उघडून बसतो. लीळाचरित्राचंही तेच: ह. ना. नेने यांची नागपूरची आवृत्ती, शं. गो. तुळपुळे यांची, वि. भि. कोलते यांची १९७८ ची. लीळा तीच, आकडा निराळा. म्हणून संपादक, वर्ष आणि आवृत्ती सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दुसरी अडचण अनुस्वारांची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि आमची पोरं जुन्या ओवीतलेही ते पुसून टाकतात, चूक सुधारल्यासारखे. मी ते पुन्हा घालायला लावतो. दुसऱ्याच्या ओळीतलं टिंबसुद्धा आपलं नसतं. मधले शब्द गाळायचे असतील तर तीन टिंबं देऊन गाळल्याचं दिसू द्यावं, आपला शब्द घालायचा असेल तर चौकटी कंसात.

शेतकऱ्यांची पोरं आहेत, त्यांना हे सात-बाराच्या भाषेत चटकन पटतं. पलीकडे वरुडला तलाठी उतारा देतो, आमच्याकडे पटवारी खसऱ्याची नकल देतो. धुरा, म्हणजे शेताचा बांध, आमचा आहे असं नुसतं सांगून तहसिलीत कोणी ऐकून घेत नाही. खसरा नंबर लागतो, साल लागतं, नकल कोणी दिली ती सही लागते. पुस्तकातून घेतलेल्या मजकुरालाही आपण 'उतारा'च म्हणतो. जमिनीच्या उताऱ्याला जे लागतं तेच या उताऱ्याला लागतं.

पुरावा कशाला लागतो असं विचारणारी ती मुलगी पुढं दोन वर्षं येत राहिली. गेल्या वर्षी तिनं जात्यावरच्या ओव्यांवर निबंध घेतला. तिला मी गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या कामाविषयी सांगितलं होतं: महाराष्ट्रातल्या खेड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि ओवीसोबत गाणारीचं नाव, तिचं गाव नोंदवलं. एरवी या ओव्या 'लोकगीत' म्हणून बिननावाच्या छापल्या जातात, जणू लोक नावाचं कोणी एकच माणूस दळत बसलं होतं.

मुलीनं आपल्या आजीच्या ओव्या लिहून आणल्या. एक ओवी तिला छापील पुस्तकातही सापडली होती, पण आजीच्या तोंडी दुसऱ्या चरणात गाव वेगळं आणि नदी वेगळी. ती अडली होती. "सर, कोनतं खरं लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि कोणी म्हटलं ते प्रत्येकापुढं लिही. तिनं पुस्तकाचं नाव, पान, साल लिहिलं. खाली आजीचं नाव, तिगाव, आणि ऐकल्याची तारीख.

संध्याकाळी आम्ही दोघं तो कागद घेऊन आजीकडे गेलो. नातीनं वाचून दाखवलं. आजी ऐकत होती, डोळे मिटून, ओठ हलत होते. आपलं नाव आल्यावर तिनं हात वर केला.

"माझं नाव कायले लिवलं? म्या कोठं जोडली ते? माझ्या मायची हाय. वरुडकडची होती माय माझी. तिचं नाव लिव."

मुलीनं नाव विचारलं. आजीनं सांगितलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पन नदीचं ते म्या बदललं. लगीन होऊन इकडं आली तवा. ते माझ्या नावावर राहू दे."

कागदाला समास कमी पडला. मुलीनं तो आडवा धरला आणि कडेनं लिहायला सुरुवात केली.